सी-ई-जी दिसलं की ‘सी मेजर’ लिहून भागत नाही

पाश्चात्त्य संगीत शिकणाऱ्यांमध्ये कॉर्डबद्दल, म्हणजे एकत्र वाजणाऱ्या स्वरांच्या गटाबद्दल, एक दावा हातोहात फिरतोय: ‘कॉर्डमधले स्वर ओळखले की नाव कळलं. रोमन आकडे म्हणजे त्याच नावाचं जुनं, बोजड रूप. बाख-मोझार्ट त्या आकड्यांत विचार करायचे, म्हणून ते अजून शिकवतात.’ नव्यानं शिकणारा यानं भलत्याच वाटेला लागतो, म्हणून हे उत्तर. (रोमन आकडा म्हणजे कॉर्ड स्केलच्या, म्हणजे सात स्वरांच्या मालिकेच्या, कितव्या स्वरावर उभी आहे ते सांगणारा I, IV, V.)

इतिहासाचं आधी उरकतो. बाख १७५० साली गेला, मोझार्ट १७९१ साली. रोमन आकड्यांची पद्धत रुळली ती जर्मन संगीतशास्त्री गोटफ्रीट वेबरच्या १८१७ पासून निघालेल्या ग्रंथामुळे. फोग्लर या संगीतशास्त्र्यानं त्याआधी ते वापरले होते, पण मोजकेच. बाखचे शिष्य फिगर्ड बेसपासून सुरुवात करत: सर्वांत खालचा स्वर लिहिलेला आणि बाकीचे त्याच्यापासून किती अंतरावर, ते सांगणारे आकडे. कॉर्डचा मूळ स्वर कोणता, हे त्यात लिहिलेलंच नसे.

‘त्याच नावाचं जुनं रूप’ हेही खरं नाही. अक्षर कॉर्डची ओळख सांगतं, रोमन आकडा तिचं स्केलशी असलेलं नातं. सी-ई-जी ही सी मेजरमध्ये एक, जी मेजरमध्ये चार, एफ मेजरमध्ये पाच. एफ मेजरमध्ये तिच्यातला ई वर एफकडे ओढ घेतो. सी मेजरमध्ये तोच ई निवांत असतो. गाण्याला साथ करताना अक्षरं सोयीची पडतात, त्याबद्दल माझी काहीच तक्रार नाही.

खरी चूक ‘स्वर ओळखले की नाव कळलं’ यात आहे. पियानोवर ए फ्लॅट, सी, ई फ्लॅट आणि त्यावरची काळी पट्टी दाबा. ती पट्टी जी फ्लॅट मानली, तर हा डी फ्लॅटचा डॉमिनंट सेव्हन्थ, म्हणजे त्या स्केलच्या पाचव्या स्वरावरची चार स्वरांची कॉर्ड: जी फ्लॅट खाली एफवर उतरतो. एफ शार्प मानली, तर ही सी मायनरमधली जर्मन सिक्स्थ नावाची कॉर्ड: एफ शार्प वर जीवर, खालचा ए फ्लॅट खाली जीवर. पट्ट्या त्याच, पण पुढची वाट वेगळी. स्वर नुसते मोजून हे कसं कळणार?

आता दुसऱ्या वाटेनंच पुढे जा. दोन्ही टोकं जीवर आली, मधले सी आणि ई फ्लॅट जागेवरच राहिले. स्वर मोजले तर ही सी मायनरच, तिसरा स्वर जी सर्वांत खाली घेऊन उलटवलेली. फ्रेंच संगीतकार रामोनं १७२२ मध्ये मांडलेला, उलटवली तरी कॉर्ड तीच, हा विचार फार मोलाचा. पण इथं तो पुरत नाही. कारण लगेच सी उतरतो बीवर, ई फ्लॅट डीवर, आणि जी मेजर उभी राहते. म्हणजे आधीचे दोन स्वर जीवर काही क्षण लटकलेले होते. काही शिक्षक हिला एक लिहितात, काही पाच (जी हा सी मायनरचा पाचवा स्वर). मी पाच लिहितो, कारण मला तिथं मुक्काम ऐकू येत नाही.

पडताळून बघा: तेच स्वर ठेवून खालच्या जीऐवजी सी वाजवा आणि थांबा. आता ती सी मायनर वाटेल.