स्लावच्या निकालात ‘मतदारांपेक्षा मतं जास्त’ का दिसतात

इंग्लंडमधल्या स्लाव ह्या गावच्या कौन्सिलच्या, म्हणजे तिथल्या नगरपालिकेच्या, निवडणुकीचा निकाल दाखवून एक फॉरवर्ड मराठी ग्रुपांवर फिरतोय. निवडणूक 4 मे 2023 ची. म्हणे तिथे मतदारांपेक्षा मतं जास्त निघाली, मतं पेन्सिलीने देतात आणि मागाहून खोडतात, ओळखपत्र कोणी बघत नाही आणि व्हिसावरचे भारतीय बेकायदा मतदान करतात, सापडले तर हद्दपारी. स्लावमध्येच डिपेंडंट व्हिसावर (नोकरी किंवा शिक्षणासाठी गेलेल्याच्या कुटुंबीयांना मिळतो तो) राहणारी माझी वहिनी हे वाचून मतदार यादीतून नाव काढायला निघाली होती. म्हणून शेवटच्या मुद्द्यापासूनच सुरुवात करतो.

‘व्हिसावरच्या भारतीयांचं मतदान हा गुन्हा.’ धादांत खोटं. भारत राष्ट्रकुलात आहे. ब्रिटनमध्ये राहायची वैध परवानगी असलेला, 18 पूर्ण झालेला राष्ट्रकुलाचा नागरिक तिथे कौन्सिललाही मत देऊ शकतो आणि संसदेलाही. विद्यार्थी, नोकरीवाला, डिपेंडंट, व्हिसा कोणताही असो. नोंदणी ऑनलाइन होते, नॅशनल इन्शुरन्स नंबर (तिथला सामाजिक विम्याचा क्रमांक) जवळ ठेवायचा, आणि मतदानाच्या 12 कामकाजी दिवस आधी ती झालेली हवी. मतदान सकाळी 7 ते रात्री 10. भारतीय पासपोर्ट ओळखपत्र म्हणून चालतो, मुदत संपलेलासुद्धा, फोटोत माणूस ओळखू आला की झालं. आधार, पॅन किंवा भारतातलं ड्रायव्हिंग लायसन्स चालत नाही. आपल्या बायकांची खरी अडचण वेगळीच असते: पासपोर्टवर माहेरचं नाव आणि यादीत सासरचं. तेव्हा विवाह नोंदणीचा दाखला सोबत न्यावा, नाहीतर केंद्रावरून परत पाठवू शकतात. असल्या फॉरवर्डपायी माणसं स्वतःचा हक्क सोडून देतात, ह्याचा खरा संताप येतो.

‘ओळखपत्र बघत नाहीत’ हेही ह्यातच निकालात निघालं. इंग्लंडच्या स्थानिक निवडणुकांत फोटो ओळखपत्राची सक्ती लागू झाली ती नेमकी ह्याच 4 मे 2023 ला.

आता ‘मतदारांपेक्षा मतं जास्त’. स्लावमध्ये 21 वॉर्ड आणि नगरसेवक 42, म्हणजे प्रत्येक वॉर्डातून दोघे. 2023 ला सगळ्या जागा एकदम लढवल्या गेल्या, त्यामुळे प्रत्येक मतदाराला एकाच मतपत्रिकेवर दोन फुल्या मारता येत होत्या. पुण्यात 2017 ला चार सदस्यांच्या प्रभागात एकेकाने चार मतं दिली, तेव्हा कोणी बोंब मारली नाही. फरक एवढाच की पुण्यात अ, ब, क, ड अशा वेगळ्या जागा होत्या. स्लावमध्ये एकच यादी आणि पहिले दोघे विजयी. समजा एका वॉर्डात 2,000 मतपत्रिका निघाल्या. सगळ्यांनी दोन्ही फुल्या मारल्या तर मतं 4,000. काही जण एकच फुली मारून निघतात, म्हणून बेरीज दुपटीच्या थोडी खाली राहते. तिसरी फुली मारली तर मतपत्रिका बाद. मतदानाची टक्केवारी मतपत्रिकांवरून काढतात, मतांवरून नाही.

मतं मोजायच्या आधी प्रत्येक पेटीतल्या मतपत्रिका मोजतात आणि केंद्राधिकाऱ्याने लिहून दिलेल्या हिशेबाशी ताडून बघतात. हे सगळं उमेदवारांच्या प्रतिनिधींच्या डोळ्यांदेखत चालतं. निकाल लागला तो असा: कॉन्झर्व्हेटिव्ह 21, लेबर 18, लिबरल डेमोक्रॅट 3. बहुमताला 22 लागतात, ते कोणालाच मिळालं नाही.

पेन्सिलीचं थोडक्यात सांगतो. पेन्सिलच वापरा असा कायदा नाही, स्वतःचं पेन नेता येतं. घडी घातल्यावर शाई फुटून दुसऱ्या नावासमोर डाग पडू नये म्हणून केंद्रात पेन्सिल ठेवतात. पेटी सील असते आणि मोजणी सर्वांसमोर होते, मग खोडणार कोण आणि कुठे?

एक गोष्ट मात्र, नाइलाजाने का होईना, मान्य करावी लागते. स्लावमध्ये घोटाळा झालेला आहे, पण तो 2007 साली. सेंट्रल वॉर्डात अस्तित्वातच नसलेल्या माणसांची नावं यादीत घुसवून त्यांच्या नावे पोस्टाने मतं टाकली गेली. पराभूत उमेदवार लिडिया सिमन्स कोर्टात गेल्या, आणि मार्च 2008 मध्ये निवडणूक आयुक्त (तिथे निवडणुकीचे खटले चालवणारे न्यायाधीश) रिचर्ड मॉरी ह्यांनी ती निवड रद्द केली. निवडून आलेला नगरसेवक पुढे तुरुंगात गेला. तो निकाल वाचला की रोग कुठे होता ते कळतं: नोंदणीच्या अर्जावर पुरावाच मागत नव्हते. 2014 पासून प्रत्येकाला स्वतः नोंदणी करावी लागते, आणि जन्मतारीख व इन्शुरन्स नंबर सरकारी नोंदींशी ताडले जातात. फॉरवर्डमध्ये ह्यातलं अक्षर नाही.

‘मतपत्रिकेवर नंबर असतो’ हेही त्यात आहे, आणि ते खरं आहे. कोणता नंबर कोणाला दिला ह्याची यादी केंद्रावर ठेवतात. निवडणुकीनंतर ती सीलबंद होते, वर्षभर तशीच राहते आणि मग नष्ट करतात. मधल्या काळात ती उघडायला कोर्टाचा आदेश लागतो.