सॉक्रेटिसला पुरोहितांनी मारलं नाही

‘सॉक्रेटिस नास्तिक होता. देव नाहीत असं त्याने उघड सांगितलं, म्हणून अथेन्सच्या पुरोहितांनी त्याला विष पाजलं. तत्त्वज्ञान आणि श्रद्धा यांचं वैर तेव्हापासूनचं.’ या अर्थाचा मजकूर सतत फिरत असतो. पाठवणाऱ्यांना विचारस्वातंत्र्याची चाड असते, ती मलाही आहे. पण यातला एकही मुद्दा टिकत नाही.

आधी नास्तिकपणाचं. मूळ आरोपपत्रात तक्रार अशी होती: शहर ज्या देवांना मानतं त्यांना हा मानत नाही, नवी दैवतं आणतो आणि तरुणांना बिघडवतो. ‘हा देवच मानत नाही’ असं फिर्यादी मेलिटस भर खटल्यात म्हणाला आणि तिथेच सापडला. प्लेटोने लिहिलेल्या बचावाच्या भाषणात सॉक्रेटिस त्याला विचारतो, सूर्य म्हणजे दगड आणि चंद्र म्हणजे माती हे तर तत्त्वज्ञ अ‍ॅनॅक्सागोरसचं मत, त्याची पुस्तकं फार तर एका ड्राक्माला (तिथलं चांदीचं नाणं) मिळतात, ते माझ्या नावावर कशाला? लोकांना प्रश्न विचारत फिरणं ही डेल्फीच्या अपोलो देवाची सेवा आहे, असं तो न्यायसभेला सांगतो. विष पायांकडून वर चढत असताना त्याने मित्र क्रिटोला शेवटचं बजावलं तेही देवाच्या देण्याबद्दल: आस्क्लेपिअसला (आरोग्याच्या देवाला) एक कोंबडा द्यायचाय, विसरू नका. हा माणूस नास्तिक ठरवायचा तर त्याचं स्वतःचं बोलणंच पुसून टाकावं लागेल.

पुरोहितांचं म्हणाल, तर अथेन्समध्ये धर्मपीठ नव्हतं, की सर्वांवर बंधनकारक असा धर्मग्रंथही नव्हता. तिघे फिर्यादी साधे नागरिक होते: मेलिटस कवी, लायकॉन वक्ता आणि अनायटस हा लोकशाही पक्षाचा वजनदार पुढारी, घरचा धंदा कातडी कमावण्याचा. निकाल दिला तो चिठ्ठ्या टाकून निवडलेल्या सुमारे ५०० नागरिकांनी. तीस मतं फिरली असती तर सुटलो असतो, असं सॉक्रेटिसच म्हणतो. उलट धार्मिक नियमामुळे त्याला काही दिवस जास्त मिळाले. अपोलोच्या डेलॉस बेटावर गेलेलं पवित्र जहाज परत येईपर्यंत शहरात कुणाला देहदंड द्यायचा नाही, अशी रीत होती.

मग राग कशाचा होता? खटला इ.स.पू. ३९९ चा. त्याआधी पाचच वर्षांनी, ४०४ मध्ये, अथेन्स शत्रुनगर स्पार्टापुढे हरलं आणि तीस जणांची जुलमी राजवट आली. तिने किमान १५०० माणसं मारली, असं अ‍ॅरिस्टॉटलच्या नावावरच्या ‘अथेन्सची राज्यघटना’ या ग्रंथात नोंदलंय. त्या तिसांचा म्होरक्या क्रिटिअस एके काळी सॉक्रेटिसच्या सहवासात होता. शत्रूला जाऊन मिळालेला अथेन्सचा सेनापती अल्सिबिआडिसही. लोकशाही परत आल्यावर ४०३ मध्ये सर्वसाधारण माफी जाहीर झाली, जुन्या राजकीय कृत्यांवर खटले भरायचे नाहीत असं ठरलं. माझ्या मते मनात साचलेल्या रागाला धर्माची वाट तेवढी मोकळी राहिली. ३४५ मध्ये वक्ता एस्किनिस न्यायसभेला सरळ म्हणाला, क्रिटिअसला शिकवलं म्हणून तुम्ही सॉक्रेटिसला मारलंत. हा अन्यायच होता. सलामिस बेटावरच्या लिऑन नावाच्या निरपराध माणसाला मारण्यासाठी पकडून आणा, हा तिसांचा हुकूम सॉक्रेटिसने धुडकावला होता, तोही जिवावर उदार होऊन.

पण म्हणून धर्म हे नुसतं निमित्त होतं, असंही मी म्हणणार नाही. अथेन्समध्ये देव शहराचे होते. त्यांचे उत्सव, बळी आणि वेद्या यांवर नागरिकत्व उभं होतं. सॉक्रेटिसच्या कानात मात्र एक दैवी आवाज बोलायचा, फक्त त्याच्याशी, शहराला न विचारता. राजकारणात उतरू नकोस, असंही त्या आवाजाने त्याला बजावलं होतं. नुकत्याच सावरलेल्या लोकशाहीला याची धास्ती वाटणं समजू शकतं. शिक्षा मात्र मला मान्य नाही.

राहिलं तत्त्वज्ञान आणि श्रद्धेचं कायमचं वैर. घोड्यांना हात असते तर त्यांनी देव घोड्यासारखे रंगवले असते, हे सॉक्रेटिसच्या आधीचा ग्रीक तत्त्वज्ञ झेनोफेनिस म्हणाला खरा, पण त्याच दमात त्याने सर्वांत श्रेष्ठ असा एक देव सांगितला. आणि ज्याच्या लेखणीमुळे सॉक्रेटिस आपल्यापर्यंत पोचला, त्या प्लेटोचं काय? उतारवयात ‘लॉज’ (कायदे) या ग्रंथाच्या दहाव्या भागात त्याने नास्तिकांसाठी कायदा आखला: स्वभावाने सज्जन पण देव न मानणाऱ्याला किमान पाच वर्षं सुधारगृहात ठेवावं आणि सुटल्यावर तो पुन्हा दोषी ठरला तर देहदंड द्यावा.