डेली प्रॉडक्शन किती?

फ्रेमवाल्याने प्रदर्शनाला जाऊच नये असं काही माझं म्हणणं नाही, पण तिथे काय काय विचारतात ते आधी माहीत पाहिजे. नाशिकला रविवार कारंजाजवळ आमचं छोटं फ्रेमचं दुकान. गिऱ्हाईक म्हणजे सप्तशृंगी माता, गजानन महाराज, लग्नातली जोडपी आणि नुकतेच वारलेले आजोबा. तर गोरेगावला फ्रेमच्या मालाचं मोठं प्रदर्शन लागलं म्हणून गेलो. सकाळची पंचवटी एक्सप्रेस, मग दादरहून लोकल. रामाच्या गावात पंचवटी पकडायची आणि राम मंदिर स्टेशनला उतरायचं, म्हणजे प्रवासात तरी पुण्य लागतं.

गेटवर गळ्यात 'बायर' असा बिल्ला घातला. त्यानंतर दिवसभर लोक माझ्या छातीशीच बोलले.

आत आमच्या धंद्यातला माणूस लगेच ओळखू येतो, तो चित्र बघत नाही, थेट कोपऱ्यात नख घालतो. मी पण तेच केलं. एका स्टॉलवर भिंतभर चित्र होतं, कसलं होतं ते देवाशप्पथ सांगता येणार नाही, पण खाली डावीकडचा सांधा उघडा होता हे आत्ताही सांगतो. चार कोपरे म्हणजे आठ काप, प्रत्येक 45 अंशाचा, आणि प्रत्येकात अर्धा अंश जरी कमी पडला तरी शेवटच्या कोपऱ्यात 4 अंशाची फट उभी राहते, मग ती भरायला पुट्टी आणि वर गोल्डन पेन. सगळे तेच करतात, कबूल कोणी करत नाही.

पुढे कॉम्प्युटरवर माउंट, म्हणजे फोटोभोवतीचा पुठ्ठा, कापणारं मशीन. टाय लावलेला पोरगा टॅब घेऊन आला.

"सर, डेली प्रॉडक्शन किती?"

"सीझनवर आहे."

"कोणता सीझन?"

"लग्नसराई. आणि पितृपक्ष."

"ओके... आणि लीड टाइम?"

"माणूस गेल्यापासून दहा दिवस. दहाव्याला रामकुंडावर फोटो लागतोच, तिथे डेट पुढे ढकलता येत नाही."

त्याचं बोट टॅबवर तसंच अधांतरी राहिलं. मग म्हणाला, सर, चहा घेता का? चहा चांगला होता.

पट्ट्यांच्या स्टॉलवर हुबेहूब सागवान दिसणारी पट्टी होती, उचलली तर वजनच नाही, पॉलिस्टायरीन, म्हणजे थर्माकोलचीच भावकी. आणि मिनिमम ऑर्डर एका डिझाइनची इतकी की ती ठेवायला मला शेजारचं दुकान घ्यावं लागेल.

खरा जीव अडकला तो काचेत. साध्या काचेवरून साधारण 8 टक्के उजेड परत येतो, ह्या नॉन-रिफ्लेक्टिव्ह काचेवरून 1 टक्क्याहून कमी. अर्ध्या फोटोवर साधी, अर्ध्यावर ही, अशी लावून ठेवली होती. साध्या बाजूला माझं घामेजलेलं तोंड स्वच्छ दिसत होतं, दुसऱ्या बाजूला मी नव्हतोच. एकदम आवडली. दर ऐकून मात्र जरा बसलो.

तेवढ्यात नाशिकहून फोन. "दादा, आजोबांची फ्रेम झाली का? उद्या दहावा आहे."

म्हटलं फ्रेम तयार आहे, फक्त काच बसवायची राहिलीय, आणि इथे भारीतली मिळतेय, अजिबात चमकत नाही, आजोबा अगदी समोर बसल्यासारखे दिसतील, तेवढे पैसे मात्र वाढतील.

पलीकडे जरा विचार झाला, मागे बायकांचा आवाज आला.

"नको दादा, साधीच लावा. त्यांचा चष्मा पण साधाच होता."