तत्त्वज्ञान शोधताय? आधी पुतळ्याचा फोटो बघा

इंटरनेटवर तत्त्वज्ञान शिकायचंय म्हणता? बसा, सांगतो. परवाच तीन तास घालवून तयार झालोय.

पहिलं काम, पुतळा शोधायचा. काळी बॅकग्राउंड, पांढरा संगमरवरी चेहरा, नाकाचा टवका उडालेला आणि खाली एक वाक्य. वाक्य पटलं की झालं, आलं तत्त्वज्ञान. कुठल्या ग्रंथात, कुठल्या प्रकरणात असले किरकोळ प्रश्न विचारायचे नाहीत. मीही नाही विचारले. 'आपण वारंवार जे करतो तेच आपण असतो, म्हणून उत्कृष्टता ही कृती नव्हे, सवय आहे', खाली ॲरिस्टॉटल. उचललं, स्लाइडवर चिकटवलं, भाषण ठोकलं, टाळ्यापण पडल्या. मग मागच्या रांगेतून एक मुलगी अगदी शांतपणे म्हणाली, "सर, हे त्याने कुठे म्हटलंय?"

झाली का पंचाईत!

तर दुसरा सल्ला, गुगलचं पहिलं पान सोडू नका. तिथे हेच वाक्य जिथे तिथे सापडेल, स्वल्पविरामासकट सारखंच, आणि संदर्भ म्हणून काय, तर ॲरिस्टॉटल! एकाला कुकीज हव्या होत्या, दुसऱ्याला माझा ईमेल, तिसरा म्हणे नोटिफिकेशन चालू करा, रोज सकाळी सॉक्रेटिस पाठवतो. नको रे बाबा.

व्हिडिओ बघायचे तर 'दहा मिनिटांत कांट' बघा, त्यातली तीन मिनिटं सबस्क्राइब करा म्हणण्यात जातात.

हेगेलसाठी थीसिस, अँटिथीसिस, सिंथेसिस (मत, विरोधी मत, दोन्हींचा मेळ) एवढं पाठ करा, त्याने स्वतःची पद्धत अशी तीन शब्दांत मांडलेलीच नाही हे कुणाला सांगू नका.

आणि अगदीच अडलात तर एआयला विचारा. मला त्याने त्या वाक्याचा ताबडतोब पत्ता दिला, ॲरिस्टॉटलचा ग्रंथ निकोमाखियन एथिक्स, भाग दुसरा, 1103बी. आकडा बघूनच छाती भरून आली. हे आकडे खोटे नसतात हो, 1831 च्या बर्लिन आवृत्तीतले पान-स्तंभ आहेत, जगभर ॲरिस्टॉटलचा संदर्भ असाच देतात. म्हणून पर्सियस या जुन्या ग्रीक-लॅटिन ग्रंथांच्या साइटवर जाऊन ते पान उघडलं, ग्रीक आणि इंग्रजी दोन्ही फुकट. तिथे काय आहे? घरं बांधून माणूस गवंडी होतो, लायर हे तंतुवाद्य वाजवून वादक होतो, तसंच न्यायाने वागून न्यायी होतो. विषय तोच, आणि खरं सांगू का, त्या पुतळ्याखालच्या वाक्यापेक्षा कितीतरी छान. पण ते वाक्य? नाही. पुढे नाही, मागे नाही. ते अमेरिकन लेखक विल ड्युरंटचं आहे, 1926 च्या पुस्तकातलं, ॲरिस्टॉटलचं म्हणणं सांगताना त्याने स्वतःच्या शब्दांत काढलेलं सार. विकिकोट या अवतरणांच्या साइटवर 'चुकीने नावावर घातलेली' अशा यादीत ते सरळ लिहून ठेवलंय. दोन मिनिटांचं काम होतं! व्हॉल्टेअरचं ते 'मतभेद असले तरी तुमच्या बोलण्याच्या हक्कासाठी मरेपर्यंत लढेन' पण त्याचं नाही, एव्हलिन हॉल या बाईंनी 1906 मध्ये त्याची वृत्ती सांगायला लिहिलेलं. बाईंचं नाव टाकतं का कोणी फोटोखाली?

शेवटचा सल्ला, स्टॅनफर्डचा तत्त्वज्ञानकोश चुकूनही उघडू नका. दिसायला सपक, पुतळे नाहीत, जाहिराती नाहीत, नुसता मजकूर आणि खाली हातभर संदर्भयादी. नोंद त्या विषयातला माणूस लिहितो, दुसरे जाणकार तपासतात, जुनी झाली की सुधारतात, आणि कुणाला संदर्भ द्यायचा असेल तर जुन्या आवृत्त्याही जपून ठेवतात. काय कंटाळवाणे लोक.

अरे, 1995 पासून आहे तो कोश! फुकट! त्याच साली सुरू झालेला इंटरनेट एन्सायक्लोपीडिया ऑफ फिलॉसॉफी आहे, तो तर नवशिक्याला वाचायलाही सोपा. पेपर शोधायला फिलपेपर्स आहे. जुनी भाषांतरं प्रोजेक्ट गुटेनबर्ग या फुकट पुस्तकांच्या साइटवर पडलीयेत. आणि आपण काय करतो, तर नाक फुटलेला पुतळा फॉरवर्ड करतो. पाठवायच्या आधी 'कुठे म्हटलंय' एवढं बघायला काय होतं रे तुम्हाला? आळशी आहात, दुसरं काही नाही. आणि मीही, मायक्रोफोन हातात घेऊन.

त्या मुलीला मेल केलाय. 'ड्युरंट, 1926. चूक माझी.' स्लाइड काढलीये.