डोंगर समुद्रात उतरतो ते शहर : विशाखापट्टणमवरच्या एका प्रतिक्रियेला उत्तर

ताई, नमस्कार.

विशाखापट्टणमच्या लेखावरची तुमची प्रतिक्रिया काल रात्री वाचली आणि सकाळी उठून पुन्हा वाचली. दोन ओळींत उत्तर देता आलं असतं. पण तुम्ही पदरचे पैसे खर्च करून, घरच्या सगळ्यांना घेऊन गेलात आणि हिरमुसून परत आलात. जाण्याचं ठरवलंत ते माझा लेख वाचून, म्हणून सविस्तर लिहिणं मला भाग आहे.

इतर वाचकांसाठी थोडक्यात सांगते. ताई मे महिन्यात सासू-सासरे आणि दोन मुलांसह तीन दिवस तिथे होत्या. उकाड्याने सगळे बेजार झाले. किनाऱ्यावर मुलांना पाण्यात उतरू दिलं नाही. किनाऱ्यावर संग्रहालय म्हणून ठेवलेली पाणबुडी बघायला गेल्या तो नेमका सोमवार, त्यामुळे ती बंद. आरकू या डोंगरातल्या ठिकाणाची वाट आवडली, पण एक अख्खा दिवस टॅक्सीत गेला. उरलेल्या वेळात दिसला तो धूर, बंदरातली धूळ आणि क्रेन. त्यांनी लिहिलंय, "हे कारखान्यांचं शहर आहे, पर्यटनाचं नाही. डोंगर आणि समुद्रच बघायचा तर आपलं कोकण काय वाईट आहे? छान छान फोटो टाकून लोकांना पाठवू नका." आणि शेवटी विचारलंय, "सासूबाईंचे गुडघे दुखतात. त्यांनी तिथे नेमकं काय बघायचं होतं?"

आधी माझी चूक. लेखात मी कुठल्या महिन्यात जावं ते लिहिलं नव्हतं. मी स्वतः जानेवारीत गेले होते, आणि तिथला मे महिना कसा असतो याचा विचारच केला नाही. पूर्व किनाऱ्यावरचा मे म्हणजे नुसतं ऊन नाही, अंगाला चिकटणारा दमट उकाडा. वृद्ध माणसं आणि मुलं बरोबर असताना तर अजिबात जाऊ नये. ऑक्टोबर-नोव्हेंबरात बंगालच्या उपसागरातल्या चक्रीवादळांची धास्ती असते. १२ ऑक्टोबर २०१४ ला हुदहुद थेट या शहरावर आदळलं होतं आणि हजारो झाडं मुळासकट गेली होती. तेव्हा डिसेंबर ते फेब्रुवारी, एवढंच. लेखात आता तशी दुरुस्ती केली आहे. सोमवारची सूचनाही घातली आहे.

पाण्याबद्दल मात्र तुम्हाला अडवलं ते फार बरं झालं. रामकृष्ण बीच दिसतो सपाट, पण पाण्यात चार पावलं गेलं की तळ एकदम खाली जातो आणि परतणारी लाट पाय ओढते. तिथे माणसं बुडाली आहेत. हा समुद्र काठावरून बघायचा, किंवा डोंगरावरून. तो अंगावर घ्यायचा हट्ट धरला तर निराशाच होणार, आणि कदाचित त्याहून वाईट काही.

आता कोकणाचा मुद्दा. मला हाच सगळ्यात जास्त आवडला, कारण पहिल्यांदा जाताना माझ्याही मनात हेच होतं. लहानपणापासून रत्नागिरी, मालवण, दापोली पाहिलेल्या माणसाला पूर्व किनारा काय वेगळं दाखवणार?

पण कोकणात सह्याद्री समुद्रापासून चांगला चाळीस-पन्नास किलोमीटर आत उभा असतो. किनाऱ्यापर्यंत येतात ते त्याचे फाटे आणि जांभ्याचे सडे. पूर्वेला चित्र उलटं आहे. तिथला किनारा बहुतेक सपाट, कारण महानदी, गोदावरी, कृष्णा यांनी हजारो वर्षं गाळ आणून टाकला आहे. आपल्या त्र्यंबकेश्वरला उगम पावणारी गोदावरी विशाखापट्टणमच्या दक्षिणेला समुद्राला मिळते, तिथे मैलोन्‌मैल भातशेती आणि चिखलाचा त्रिभुज प्रदेश आहे. कोलकात्यापासून चेन्नईपर्यंतच्या त्या सपाट पट्टीत साधारण मध्यावर पूर्व घाटाचे डोंगर अचानक समुद्राला येऊन भिडतात आणि एक डोंगर तर चक्क पाण्यात शिरतो. त्याला डॉल्फिन्स नोज म्हणतात, कारण लांबून तो डॉल्फिनच्या थोबाडासारखा दिसतो. विशाखापट्टणम जे काही आहे ते या डोंगरामुळे आहे. पहिल्या लेखात हे मी नीट सांगितलं नाही. प्रेक्षणीय स्थळांची यादी दिली आणि तुम्ही त्या यादीवर विश्वास ठेवलात.

त्या डोंगराच्या आडोशाला जहाजांना लाटांपासून आसरा मिळतो. म्हणून तिथे बंदर झालं. १९३३ मध्ये ते सुरू झालं तेव्हा प्रवेशाच्या तोंडाशी वाळू साचू नये म्हणून दोन जुनी जहाजं दगड भरून मुद्दाम बुडवली होती आणि त्यांचाच बंधारा केला होता. बंदर झालं म्हणून जहाजबांधणी आली. इथे मराठी माणसाने एक क्षण थांबावं असं मला मनापासून वाटतं. ही गोदी उभारली ती सोलापूरच्या वालचंद हिराचंदांनी. १९४१ मध्ये राजेंद्र प्रसादांच्या हस्ते पायाभरणी झाली आणि स्वतंत्र भारतात तिथे बांधलेलं पहिलं मोठं जहाज, 'जल उषा', मार्च १९४८ मध्ये नेहरूंच्या हस्ते पाण्यात उतरलं. आज ती गोदी हिंदुस्तान शिपयार्ड म्हणून सरकारी आहे, पण त्या भागाला लोक अजून 'सिंदिया' म्हणतात. वालचंदांच्या सिंदिया स्टीम नॅव्हिगेशन कंपनीवरून ते नाव पडलं आणि कंपनीचं नाव ग्वाल्हेरच्या शिंद्यांवरून. बसच्या पाटीवर तेलुगू लिपीत ते नाव आहे असं शेजारच्या बाईंनी वाचून दाखवलं, तेव्हा माझ्या अंगावर काटा आला होता.

तुम्हाला खुपलेल्या क्रेन त्या याच. धुराबद्दल आणि धुळीबद्दल मी वाद घालणार नाही. जुन्या गावात बंदराजवळ राहणाऱ्या लोकांच्या गच्चीवर काळी धूळ बसते, ते स्वतः वर्षानुवर्षं तक्रार करत आलेत. मे २०२० मधली वायुगळती देशभर सगळ्यांना आठवते. हे झाकून शहर सुंदर आहे असं कुणी लिहू नये. मीही लिहिणार नाही.

पण तुम्हाला ज्या आरकूची वाट आवडली, टॅक्सीऐवजी रेल्वेने गेला असतात तर अधिक आवडली असती, ती रेल्वेसुद्धा याच बंदराची देणगी आहे. छत्तीसगडमधल्या बैलाडिलाच्या खाणींतलं लोहखनिज जपानला पाठवायचं होतं, म्हणून साठच्या दशकात किरंदुलपासून डोंगर फोडत ती लाइन खाली आणली. ओळीने बोगदे, दऱ्यांवरचे पूल, हे सगळं खनिजासाठी. प्रवाशांना तो नजारा फुकटात मिळाला. सकाळी लवकर सुटणाऱ्या किरंदुल गाडीने जाता-जाता समोरून खनिजाच्या लांबच लांब मालगाड्या उतरताना दिसतात. कारखान्याचं शहर आणि पर्यटनाचं शहर असे दोन तुकडे तिथे करताच येत नाहीत. हे सगळं एकाच नजरेत मावतं म्हणूनच मला ते गाव बघण्यासारखं वाटतं. आपण पोर्तुगीजांचे आणि मराठ्यांचे ओस पडलेले जलदुर्ग बघायला जातोच की. इथे तर अजून राबता असलेलं बंदर आहे.

ते एका नजरेत बघायचं ठिकाण म्हणजे यारडाचा रस्ता. डॉल्फिन्स नोजच्या पलीकडे यारडा नावाचा किनारा आहे, तीन बाजूंनी डोंगर आणि चौथ्या बाजूला समुद्र. तिथे जायला डोंगर चढून पलीकडे उतरावं लागतं. चढताना मागे वळून पाहिलं की खाली बंदर, जहाजं, गोदी, नौदलाचा तळ आणि त्यामागे डोंगरांच्या मधल्या जागेत दाटीने बसलेलं शहर. दुसऱ्या अंगाला उतरलं की नारळ, वाळू आणि शांतता. दहा मिनिटांत जग बदलतं. तुमच्या टॅक्सीवाल्याने तुम्हाला तिकडे नेलं नाही याचं मला फार वाईट वाटलं.

बंदराच्या तोंडाशी अजून तीन छोट्या टेकड्या शेजारी-शेजारी आहेत. एकीवर चर्च, एकीवर दर्गा, एकीवर वेंकटेश्वराचं देऊळ. समुद्रावर जाणाऱ्या माणसांनी आपापल्या देवाला उंचावर बसवलंय, निघताना आणि परतताना तो दिसावा म्हणून, असं मला तिथे उभं राहून वाटलं.

थोटलाकोंडाबद्दल जरा जास्त लिहिते, कारण तुम्ही ते पाहिलंच नाहीत. भीमिलीच्या रस्त्यावर, शहरापासून पंधराएक किलोमीटरवर, समुद्राकडे तोंड करून एक टेकडी आहे. नौदल तळासाठी जागेची पाहणी करत असताना तिथले अवशेष लक्षात आले आणि १९८८ ते १९९३ मध्ये उत्खनन झालं. साधारण दोन हजार वर्षांपूर्वीचा बौद्ध विहार निघाला : स्तूप, भिक्षूंच्या खोल्यांच्या रांगा, भोजनशाळा आणि पावसाचं पाणी साठवायला कातळात खोदलेली टाकी. या टाक्यांवरूनच टेकडीचं नाव पडलं. कोंडा म्हणजे डोंगर. उत्खननात रोमन चांदीची नाणी सापडली आणि सातवाहनांची शिशाचीसुद्धा. सातवाहन म्हणजे आपल्या पैठणचे! कार्ले, कान्हेरीच्या लेण्यांतली पाण्याची पोढी आठवा. हीच माणसं, हीच गरज, हीच युक्ती, फक्त इथे भिक्षू सकाळी डोळे उघडायचे ते उगवत्या सूर्यासमोर. मी त्या खोल्यांच्या जोत्यावर तासभर बसले होते. खाली निळा समुद्र, वारा, आणि माझ्याशिवाय फक्त एक कॉलेजातलं जोडपं. कोकणात मला हे कुठे मिळालं नव्हतं.

उगवत्या सूर्याचंच घ्या. आपण पश्चिमेची माणसं. समुद्रात सूर्य बुडताना आपण शेकडो वेळा पाहिला. समुद्रातून वर येताना किती जणांनी पाहिलाय? पहाटे साडेपाचला रामकृष्ण बीचवर जा. त्या वेळी काही तास तो रस्ता वाहनांसाठी बंद असतो आणि अख्खं शहर चालायला आलेलं असतं : साडीवर बूट घातलेल्या आज्या, फुटबॉल खेळणारी पोरं, जाळी ओढणारे कोळी. पाण्याच्या कडेला आधी एक तांबूस रेघ येते, मग डॉल्फिन्स नोजची काळी कड उजळते. माझी आई आयुष्यभर गणपतीपुळ्याला जाऊन संध्याकाळी पाण्याला हात जोडत आली. इथे तिने सकाळी जोडले. ती काही बोलली नाही, पण त्यानंतर तिन्ही दिवस मला उठवायला तीच यायची.

पाणबुडी मंगळवारी पाहिली असतीत तर मुलं खूश झाली असती हे नक्की. आयएनएस कुरसुरा सोव्हिएत बनावटीची, १९६९ मध्ये नौदलात आली, १९७१ च्या युद्धात होती, २००१ मध्ये निवृत्त झाली आणि आता वाळूवर उभी आहे. नव्वदएक मीटर लांब, पण आत पंचाहत्तर माणसं कशी राहत असतील हे बघून थोरांचीही बोलती बंद होते. पाकिस्तानची गाझी ही पाणबुडी याच किनाऱ्यासमोर त्या डिसेंबरात बुडाली. त्या युद्धाचं स्मारक पाणबुडीपासून जवळच आहे. भीमिलीची डच दफनभूमी आणि लाल मातीचे ढिगारे, एर्रा मट्टी दिब्बलू, यांच्यावर स्वतंत्र लेख लिहीन.

आता सासूबाईंचे गुडघे. तुमच्या प्रतिक्रियेतली ही एकच ओळ मला रात्रभर पुरली. पाणबुडी त्यांच्यासाठी नाही, आतली गोल दारं वाकून आणि पाय उचलून ओलांडावी लागतात. थोटलाकोंडाला गाडी जवळपर्यंत जाते, पण वर उन्हात सावली थोडी, म्हणून सकाळीच. कैलासगिरीला मात्र रोपवेने वर न्या. तुम्हाला ती 'नेहमीसारखी बाग' वाटली हे खरं आहे, शिवपार्वतीची मूर्ती सोडली तर बाग साधीच आहे. पण कडेच्या बाकावर त्यांना दक्षिणेकडे तोंड करून बसवा. किनाऱ्याची सगळी वळणं डॉल्फिन्स नोजपर्यंत दिसतात, एक पायरी न चढता.

आणि सिंहाचलमला न्या. डोंगरावर देवस्थानची बस जाते. वराह लक्ष्मी नरसिंहाची मूर्ती तिथे वर्षभर चंदनाच्या जाड लेपाखाली झाकलेली असते, इतकी की आकार शिवलिंगासारखा दिसतो. फक्त अक्षय्य तृतीयेला लेप काढून देवाचं मूळ रूप दाखवतात. त्या दिवशी गर्दी प्रचंड, तेव्हा जाऊ नका. इतर दिवशी गाभाऱ्याजवळ चंदनाचा वास येतो. १५१६ साली कृष्णदेवराय इथे येऊन गेले, त्यांचा शिलालेख देवळात आहे. सासूबाईंना तो दाखवा, खांबांवरचं कोरीवकाम दाखवा, आणि मग त्यांना जितका वेळ बसायचं असेल तितका वेळ बसू द्या.

जानेवारीत जायचं ठरलं तर मला कळवा. यारडाला कुठून चढायचं आणि कुठे थांबून मागे वळून बघायचं ते मी कागदावर काढून पाठवते.