सरकारची सूट, बिल्डरची ऑफर

पितृपक्षात तरी हे बिल्डरवाले फोन करणार नाहीत असं वाटलं होतं. कसलं काय! गेल्या आठवड्यात मीटिंगमध्ये असताना एकाच पोराचे तीन फोन. "ताई, घटस्थापनेला स्कीम उघडतेय. आत्ता टोकन टाकून ठेवा, दसऱ्यानंतर रेट वाढणार." अरे बाबा, पाडव्याला हेच म्हणालास, अक्षय्य तृतीयेलाही हेच.

पण डोकं फिरलंय ते ऑफरवरून. पुण्यात वाकडच्या साइटवर हाच पोरगा छाती फुगवून सांगत होता, "फक्त तुमच्या नावावर घेतलंत तर स्टॅम्प ड्यूटीत १ टक्का सूट!" ती बायकांच्या नावावरच्या घराला सरकारची सूट आहे रे, २०२१ पासूनची. तुझ्या शेठनं खिशातून दिली काय? पुढे रावेतला भलामोठा फलक: "रेडी पझेशन, जीएसटी शून्य, फक्त दिवाळीपर्यंत!" कंप्लीशन, म्हणजे बांधकाम पूर्ण झाल्याचा दाखला, मिळाल्यावर विकलेल्या फ्लॅटला जीएसटी लागतच नाही. दिवाळीत नाही, शिमग्यातही नाही. उद्या म्हणतील, रजिस्ट्रेशन फी सरकारनंच ठरवलेल्या ३० हजारांच्या वर जाऊ देणार नाही, खास तुमच्यासाठी!

आणि कायद्यानं जे द्यायचं ते मागितलं की तोंड वाकडं. २०१७ पासून रेरा, म्हणजे बिल्डरांना लगाम घालणारा कायदा, सांगतोय, कार्पेटवर, म्हणजे घराच्या आतल्या वापरायच्या जागेवर विका. हे अजून "हजाराचा टू बीएचके आहे मॅडम" वरच. कार्पेट किती? मग मोबाइलवर आकडेमोड, खाकरणं, आणि शेवटी सातशे वीस. उरलेले दोनशे ऐंशी फूट लिफ्ट, जिना, लॉबीत. तिथे दिवाण टाकू का मी? सँपल फ्लॅटमध्ये तर आतल्या खोल्यांना दारंच नव्हती, म्हणजे सगळं मोठं दिसावं. पलंगावर नवऱ्याला आडवं व्हायला लावलं. साडेपाच फुटांचा माणूस, पाय बाहेर!

वर म्हणे, "२० टक्के भरा, ॲग्रीमेंट नंतर." म्हटलं, करार रजिस्टर केल्याशिवाय १० टक्क्यांच्या वर घेता येत नाही. तर म्हणतो, "ताई, तुम्ही वकील का?" नाही रे, भाडेकरू आहे. अकरा महिने संपत आलेत, आणि घरमालकांनी १० टक्के वाढ आधीच सांगून ठेवलीय.

नंतरच्या फोनवर मॉड्युलर किचन फ्री झालं. म्हटलं, किचन राहू दे, तेवढे पैसे रेटमधून कमी कर. "साहेबांना विचारून सांगतो."

चार दिवस झाले. एकही फोन नाही.