कुराणाच्या पानांवरचं सोनं वाचायचं असतं

एक मजकूर सध्या खूप फिरतोय: ‘इस्लाममध्ये चित्रं वर्ज्य, म्हणून कुराणाच्या जुन्या हस्तलिखितांत मोकळी जागा वेलबुट्टीने भरली. तिला अर्थ काही नाही, आणि ती काढणाऱ्यांची नावंही कुणी ठेवली नाहीत.’

‘अर्थ नाही’ हे साफ चूक आहे. आपल्या पोथीत ओवी संपली की दंड आणि आकडा येतो, तसं इथे आयत, म्हणजे कुराणातलं वचन, संपली की सोनेरी फूल येतं. पाच आयतींनंतर वेगळी खूण असते. कित्येक प्रतींत ती ‘हा’ या अरबी अक्षराच्या आकाराची असते, कारण अबजद मोजणीत, म्हणजे अक्षरांना आकडे देण्याच्या पद्धतीत, त्या अक्षराची किंमत पाच. दहा आयती झाल्या की समासात गोल नक्षी. सजदा, म्हणजे जमिनीला कपाळ टेकून नमन, कुठे करायचा, तेही समासातच कळतं. पठण करणाऱ्याला याच खुणांचा आधार.

डब्लिनच्या चेस्टर बीटी ग्रंथालयात इब्न अल-बव्वाब या सुलेखनकाराने लिहिलेली कुराणाची प्रत आहे. बगदाद, हिजरी ३९१, म्हणजे इ.स. १०००-०१. तिची सुरुवातीची नक्षीदार पानं नीट पाहा. त्या नक्षीत हिशेब लिहिलाय: सुरा (अध्याय) ११४, आयती ६२३६, पुढे शब्द, अक्षरं, अगदी नुक्त्यांचीसुद्धा (अक्षरांच्या ठिपक्यांची) मोजदाद. पवित्र मजकुरातलं अक्षरही गळू नये ही काळजी तिथे सोन्यात उतरली आहे. याला जागा भरणं म्हणायचं?

चित्रांचं म्हणाल तर कुराणात माणसं-प्राणी काढत नाहीत, एवढं खरं. पण येमेनमध्ये सनाच्या मोठ्या मशिदीत १९७२ साली जुन्या पानांचा साठा सापडला, त्यातल्या एका आरंभीच्या कुराणात चक्क इमारती रंगवल्या आहेत. कमानी, खांब, टांगलेले दिवे, सगळं.

राहिली नावं. हा आरोप मला सर्वांत जास्त लागतो. कैरोत १३०४ ते १३०६ या काळात अमीर (सरदार) बैबर्स अल-जाशनकीरसाठी सात खंडांचं कुराण झालं, ते आज ब्रिटिश लायब्ररीत आहे. लिहिणारा इब्न अल-वहीद. नक्षीकार अबू बक्र ऊर्फ संदल आणि मुहम्मद इब्न मुबादिर. तिसरा ऐदोग्दी. संपूर्ण मजकूर सोन्याच्या शाईत, आणि प्रत्येक अक्षराला बारीक काळी कड. सात खंडभर कुणीतरी हात न थरथरवता ती ओढली आहे.